रूथबाईंच्या थांबायच्या खुणा

वाजवायला मला पुष्कळांनी शिकवलं. गप्प बसायला शिकवलं ते एकट्या रूथबाई शिरसाटांनी. आणि ते काम सोपं नव्हतं, कारण मी शिरूरचा, त्यात ढोलवाला. नवरदेव घोड्यावरून उतरून मांडवात जाऊन बसला, भटजींनी हातानं खुणा केल्या, तरी ज्याचा हात थांबत नाही, त्याला आमच्याकडे ढोलवाला म्हणतात. माझा थोरला भाऊ म्हणायचा, "ह्याला ढोल बडवायला लावायला सुपारी लागती आन् बंद करायला पोलीस."

नव्वदीच्या दशकात रांजणगावला कंपन्या उभ्या राहिल्या आणि मी एका कंपनीत मशीनवर लागलो. पाळ्या सांभाळून लग्नसराईत ढोल चालू होताच. अशाच एका वरातीत हुसेनमामा भेटले. हे दौंडचे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात संपल्यावर घाम पुसता पुसता मला म्हणाले, "हात बरा हाय तुझा, पर डोकं न्हाई. रविवारी दौंडला ये. तिथं कागदावर बघून वाजवत्यात."

"ढोल? कागदावर बघून?" मी हसलोच. पण मनात किडा वळवळायला लागला होता. रविवारी फटफटी काढली, न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून चौफुल्याला, आणि तिथून दौंड.

रेल्वे कॉलनीतल्या एका जुन्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी शिरसाटसरांचा ऑर्केस्ट्रा बसायचा. ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेतला नव्हे, निवेदक नाही, सिनेमाची गाणी नाहीत. व्हायोलिनं, एक जुनं चेलो, म्हणजे गुडघ्यांत उभं धरायचं मोठं व्हायोलिन, ट्रंपेट, हुसेनमामांची क्लॅरिनेट, आणि मागे मोठा ड्रम, ज्याच्यावरचा आधीचा माणूस बदली होऊन गेला होता, त्याच्या जागी मी. शिरसाटसर रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, रिटायर झालेले. उंच, ताठ, हातात बारीक छडी. त्या छडीवर सगळे चालायचे. आणि बाजूला खिडकीपाशी, खुर्चीवर, मांडीवर पाटी घेऊन बसलेल्या त्यांच्या बायको, रूथबाई.

बाई बुटक्या, जाड भिंगांच्या, तोंडात कायम एक लवंग. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग, तो कुठल्याही साबणानं गेला नसता. केडगावला मुलींच्या शाळेत शिकवायच्या, रोज गाडीनं ये-जा. ऑर्केस्ट्रात त्या काही वाजवायच्या नाहीत. त्या लिहायच्या. सर स्वतःच्या हातानं स्कोअर लिहायचे, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकाखाली एक लिहिलेलं मोठं पुस्तक, जे फक्त सरांच्या समोर असतं. बाई त्यातून प्रत्येकाचा पार्ट वेगळा उतरवून द्यायच्या. ज्याच्या त्याच्या स्टँडवर ज्याचं त्याचं पान. पाच रिफिली लाकडाच्या पट्टीत ठोकून त्यांनी एक अवजार केलं होतं. एकदा ओढलं की पाच रेघा. त्याला त्या पंजा म्हणायच्या आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

पहिल्याच दिवशी माझं आणि त्यांचं वाजलं. माझ्या पानावर वाजवायचं थोडं आणि गप्प बसायचंच जास्त. बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला खण, ते बारच्या बार रिकामे. आणि एका रिकाम्या बारच्या डोक्यावर एक अर्धगोल, त्याच्या पोटात टिंब.

"बाई, हे काय?"

"डोळा हाय तो," हुसेनमामा पुढून म्हणाले. "तो दिसला का सगळ्यांनी थांबायचं. सरांचा हात पुन्यांदा हालंपर्यंत."

"पर मी तिथं वाजवतच न्हाई. मंग मला कशाला डोळा?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुठला तू?"

"शिरूरचा."

"शिरूर, नीट ऐक. तू वाजवत नाहीस म्हणून तर तुला जास्त सांगायला हवं. जो वाजवतोय त्याला कळतंच थांबलोय ते. तू मनात एक-दोन-तीन-चार मोजत बसलेला. आम्ही सगळे थांबलो आणि तू मोजतच राहिलास, तर तू आमच्या आधी पुढं जाशील आणि भलत्या ठिकाणी धडाम करशील. जो गप्प आहे त्यालाही सांगायचं असतं, की आपण थांबलोय."

त्या दिवसापासून मी त्यांचा 'शिरूर' झालो. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवत होतं का, याची मला शंका आहे.

त्या डोळ्यावरून बाई किती कटकट करायच्या, काय सांगू! टिंब नेमकं त्या ठोक्याच्या डोक्यावर हवं, दोन ठोक्यांच्या मधे लोंबकळलेलं चालायचं नाही. अर्धगोल मोठा हवा, लांबून दिसणारा. शेजारी 'थोडं' किंवा 'लांब' असं लिहिलेलं हवं. त्यासाठी त्या दर वेळी सरांना विचारायच्या, "अहो, थोडं, का लांब?" सर कंटाळून म्हणायचे, "माझा हात बघतील की." त्यावर बाई, "हात बघायला मान आधी वर करायला लागते. कधी करायची ते पानानं सांगायचं." आणि सगळ्यात मोठा नियम हा, की एकाच्या पानावर डोळा असेल तर तो सगळ्यांच्या पानांवर आणि स्कोअरातही असलाच पाहिजे. 'जमलं तर थांबा' अशी अर्धवट खूण त्यांना आवडत नसे. म्हणायच्या, "थांबायचं तर सगळ्यांनी. नाहीतर मग थांबू नका."

एकदा बाई तापानं पडल्या असताना हुसेनमामांनी स्वतःचा पार्ट स्वतःच उतरवला. रिकाम्या बारवरचा डोळा गाळला. कार्यक्रमाला गावातली मोठी मंडळी बसलेली, सगळा ऑर्केस्ट्रा एका नाजूक जागी थांबलेला, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि त्यात हुसेनमामांची क्लॅरिनेट एकटीच वरातीसारखी फुंकत सुटली. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी दचकून पिशवी खाली टाकली. नंतर मामा कपाळाला हात लावून बसले. "मला काय ठावं तुमी थांबल्यात! सांगायचं की कुणी!"

"लिहून सांगते तेव्हा तुम्ही गाळता," बाई म्हणाल्या. ताप होता, तरी हसल्या. मामांनी पुन्हा कधी टाकाला हात लावला नाही.

सरांची एक स्वतःची रचना होती. त्यांची आई यवतकडची, कासुर्डीला दिलेली. ती जात्यावर म्हणायची त्या ओव्यांच्या चालींवर बांधलेली. नाव साधंच, 'दळण'. चेलो जात्यासारखं घरघरायचं, वर व्हायोलिनं ओवी म्हणायची, आणि मी मधून मधून हळू एक ठोका द्यायचो. शेवटच्या ओवीच्या तोंडाशी एक जागा होती. एका ईस्टरच्या कार्यक्रमात सर त्या जागी आले, डावा हात पान उलटायला गेला, आणि उजवा हात छडीसकट वरच राहिला. आम्ही गोंधळलो, पण थांबलो. हॉल थांबला. चेलोची घरघर हवेत विरून गेली. किती वेळ गेला देव जाणे. मग तो हात इतका सावकाश खाली आला, आणि शेवटची ओवी अशी निघाली, की माझ्या अंगावर काटा आला.

माझी आई त्या दिवशी मुद्दाम शिरूरहून आली होती. तिला ऑर्केस्ट्रातलं काय कळणार, असं मला वाटत होतं. परत येताना एसटीत म्हणाली, "बाई दमली रं जात्यावर. पदरानं घाम पुसला आन् परत लागली."

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी बाई सरांपाशी गेल्या. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा बघितले. "अहो, ती जागा ठेवायची ना?"

सर कपातल्या चहाकडे बघत होते. "ठेव."

"थोडं, का लांब?"

"लांब."

बाईंनी आमच्या सगळ्यांच्या पानांवर शाईनं डोळा काढला. सरांनी स्वतःच्या स्कोअरात स्वतः काढला. पुढं 'दळण' म्हटलं की लोक त्या थांबण्याचं नाव काढायचे. बाई तर शाळेत मुलींनाही सांगायच्या, की नवऱ्याच्या हातून एकदा अशी जागा झाली, ती पाठ करून होत नसते.

त्यानंतर वर्षभरात गोष्टी बिघडायला लागल्या. सरांचा हात मधेच अडकायचा. थरथर अशी नव्हती. नुसता अडकायचा, गंजलेल्या नळासारखा. चार-दोन क्षणांत सुटायचा. पण ऑर्केस्ट्रात चार-दोन क्षण म्हणजे अख्खी वाट लागते. निम्मे थांबायचे, निम्मे पुढं जायचे. सर ओरडायचे, "माझ्याकडे बघा!" आणि आम्ही त्यांच्याकडेच बघत असायचो, हीच तर अडचण होती.

बाईंच्या ते आमच्या आधी लक्षात आलं. कुठं अडकतो तेही त्यांनी हेरलं. पान उलटताना. एक हात पानाला गेला की दुसऱ्याचा विसर पडल्यासारखं व्हायचं. एका तालमीत त्या उठून सरांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि वेळ येताच पान उलटलं. सरांनी त्यांचा हात झटकला. सगळ्यांसमोर. "मी काय लुळा झालोय?" बाई खिडकीपाशी जाऊन बसल्या. मला इतका राग आला सरांचा, की त्या दिवशी मी ड्रम जरा जोरातच वाजवला.

मग आमच्या पानांवर पेन्सिलीतले डोळे दिसायला लागले. सरांच्या स्कोअरात पान जिथं उलटतं, तिथं आमच्या पार्टात डोळा. सर अडकले की आम्ही सगळे एकदम थांबायचो, हात सुटला की एकदम निघायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं असंच लिहिलंय. सरांना वाटायचं, काय माणसं आहेत माझी, हाताकडे कशी बघतात! एकदा तर हुसेनमामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता खरा ऑर्केस्ट्रा झाला." मामांनी मान खाली घालून क्लॅरिनेटची पत्ती चाटली.

असं बरेच महिने चाललं. पण पेन्सिलीतलं काम ते. कुणाला दिसायचं, कुणाला नाही. एकदा ट्रंपेट पुढं निघून गेला. हॉलच्या कमिटीचे सेक्रेटरी दारात उभे होते. त्यांना आधीपासूनच कीबोर्डवाला एक तरुण मुलगा आणायचा होता, सगळी वाद्यं त्या एकाच पेटीत निघतात म्हणून. आम्हाला ऐकू जाईल असंच म्हणाले, "सर थकले आता. नाताळच्या आधीचा कार्यक्रम बघू, मग ठरवू."

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी सर नव्हते. पुण्याला व्हायोलिनच्या तारा आणायला गेलेत, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. बाई एकट्याच आल्या, हातात पानांचा गठ्ठा. सगळे पार्ट नव्यानं लिहिलेले. मी पान स्टँडवर ठेवलं. जिथं जिथं पेन्सिलीतला डोळा होता, तिथं आता शाईतला, ठसठशीत, टिंबासकट. शेजारी 'लांब'.

हुसेनमामांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. "बाई, सरांच्या स्कोअरात हाय का हे?"

"नाही."

"मंग?"

"मग काही नाही. लिहिलंय तिथं थांबायचं. सगळ्यांनी."

मला राहवलं नाही. "पर बाई, तुमीच म्हणता ना, पानावर हाय ते स्कोअरात..."

"शिरूर, तू गप्प बस!" त्या ओरडल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "तो स्कोअर ते मला लिहू देत नाहीत. आणि लिहायला मागितला तर कारण सांगावं लागेल. त्यांना वाटतंय मला काही दिसत नाही. आंघोळीला जाताना डाव्या हातानं सदऱ्याची बटणं काढतात, पाठ फिरवून. मी बघत नाही असं दाखवते. त्यांच्या हातातून ती छडी गेली ना, की ते खुर्चीत बसतील. बसले की परत उठायचे नाहीत. मला ते बघायचं नाही. बाकी मला काही कळत नाही."

 शेवटी हुसेनमामांनीच क्लॅरिनेट उचलली. "चला रे. बाई ठोका देतील तसं घेऊ." आणि बाईंनी पाटीवर पेन्सिल वाजवून आमच्याकडून सगळं घोटून घेतलं. प्रत्येक डोळ्यापाशी आम्ही थांबलो. संध्याकाळपर्यंत आम्हाला थांबायची इतकी सवय लागली, की परत जाताना मी चौफुल्याला विनाकारण गाडी थांबवली.

कार्यक्रमाला हॉल भरला. सेक्रेटरी पुढच्या रांगेत. सर आले ते मला वेगळेच दिसले. चेहरा मोकळा, चाल हलकी. काळा कोट, छडी. बाई त्यांच्या खिडकीपाशी, हात मांडीवर घट्ट दाबलेले. 'दळण' सुरू झालं. चेलोनं जातं धरलं, व्हायोलिनांनी ओवी उचलली. पहिलं पान संपत आलं. माझ्या पानावर डोळा दिसला. मी मान वर केली.

सरांचा डावा हात पानाला गेला. पान उलटलं. आणि उजवा हात अडकला नाही. पाण्यासारखा वाहत पुढं गेला.

आणि आम्ही सगळे थांबलो.

देवाशप्पथ सांगतो, आयुष्यात आम्ही कधी इतके एकजुटीनं थांबलो नसू. एक गज हलला नाही. आणि त्या शांततेत सर एकटेच ठोके देत होते. एक, दोन, तीन. छडी हवेत फिरत होती आणि काही वाजत नव्हतं. मला जमीन दुभंगून आत जावं असं वाटलं.

सरांनी हात खाली घेतला. आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. मग खाली उतरून पहिल्या व्हायोलिनच्या स्टँडपाशी गेले, वाकून पान बघितलं. हुसेनमामांचं बघितलं. मागे माझ्यापर्यंत आले. माझ्या पानावरच्या, मी वाजवत नसलेल्या बारवरच्या डोळ्यावर त्यांनी बोट ठेवलं. शाई कोणाची ते विचारायची गरज नव्हती. परत जाऊन स्वतःचा स्कोअर बघितला. लोक कुजबुजायला लागले होते. सरांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, पण मागेपर्यंत ऐकू आलं, "सगळ्यांना सांगितलंस. मला सोडून."

बाईंनी तोंडावर पदर धरला.

सरांनी छडी उचलली आणि पुढल्या बारपासून परत सुरू केलं. ते काय वाजलं ते विचारू नका. कुणी पानाकडे बघत होतं, कुणी हाताकडे, कुणालाच कशावर विश्वास राहिला नव्हता. शेवटच्या ओवीची ती जागा आली, जिथं सगळा गाव श्वास धरायचा, जो डोळा स्कोअरातही होता, सरांच्या स्वतःच्या शाईत. सर थांबले नाहीत. हात फिरवत सरळ निघून गेले. निम्मे थांबले, निम्मे त्यांच्यामागे फरफटत गेले. मला वाटलं, रागानं केलं. बाईंना शिक्षा म्हणून केलं. मला त्या माणसाची चीड आली.

हॉलच्या मागच्या बाजूला, वाद्यं पेटीत भरताना, आम्ही ऐकलं. सर भिंतीला टेकून उभे होते. "तारा आणायला नव्हतो गेलो, रूथ. डॉक्टरकडे जातोय. या वेळी त्यांनी गोळी बदलली. आज पहिल्यांदा लागू पडली. सकाळपासून हात मोकळा होता. तुला कार्यक्रम झाल्यावर सांगणार होतो."

"गोळ्या कुठं ठेवता?" बाईंनी विचारलं. एवढंच.

"माझ्या जुन्या व्हायोलिनच्या पेटीत."

"मी पेटी पुसते रोज. कधी उघडली नाही."

दोघंही तसेच उभे राहिले. मामांनी आम्हाला खूण केली आणि आम्ही मुकाट्यानं बाहेर पडलो. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "एकानं तरी सांगायचं हुतं रं." कुणाबद्दल म्हणाले, ते मी विचारलं नाही. मला रडू येत होतं.

छडी गेलीच. सेक्रेटरींनी गोडीत सांगितलं, पण सांगितलं. कीबोर्डवाला मुलगा आला. वाईट नव्हता बिचारा, पण त्याच्या पेटीला कागद लागत नव्हता आणि आम्हीही फारसे लागत नव्हतो. मामा वरातींकडे परत गेले. मी रांजणगावच्या पाळ्यांकडे. बाईंची आठवण यायची, पण तोंड दाखवायचा धीर होत नव्हता. काय बोलणार होतो मी?

पुढल्या उन्हाळ्यात कंपनीनं मला दुसऱ्या प्लँटला पाठवायचं ठरवलं, राज्याबाहेर. जायच्या आधी रविवारी दुपारी मी दौंडला गेलो. हॉलकडे नाही, त्यांच्या घरी. कॉलनीच्या मागल्या गल्लीत, पुढं पत्र्याची पडवी, एका कोपऱ्यात पाण्याचा माठ. फाटक उघडंच होतं. मी आत शिरणार, तेवढ्यात आवाज ऐकून पायरीपाशीच उभा राहिलो.

पडवीत टेबल होतं. त्यावर पंजानं ओढलेले कोरे मोठे कागद, शाईची दौत, आणि शेजारी सरांचा जुना स्कोअर, उलगडलेला. बाई लिहीत होत्या. स्कोअर. सरांनी दिला होता शेवटी. सर शेजारी खुर्चीत बसले होते. खरंच बसले होते, बाई म्हणाल्या होत्या तसे. गोळी फार दिवस पुरली नव्हती बहुतेक. उजवा हात मांडीवर पडला होता आणि आता थरथरतही होता. डाव्या हाताचं बोट जुन्या पानावर फिरवत ते सांगत होते.

"इथं अडकतो."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या आणि डोळा काढला.

"इथंपण."

"तेही ठाऊक आहे."

"इथं नाही. इथं तू उगाच लिहिला होतास. इथं मी नीट जायचो."

"बरं. नाही लिहीत."

त्या दोघांना ऐकणारं आता कुणी नव्हतं, वाजवणारंही नव्हतं. तरी बाई प्रत्येक टिंब नेमक्या ठोक्याच्या डोक्यावर देत होत्या, आधी फूटपट्टी लावून. मला तिथून हलवेना. पान उलटलं. शेवटची ओवी आली असावी, कारण बाई थोड्या हसल्या.

"हा तर आहेच," त्या म्हणाल्या. "हा तुमचा."

सरांनी जुन्या पानावरचं बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाले, "पहिल्यांदा इथंच अडकला, रूथ. त्या ईस्टरला."

बाईंचा टाक कागदावर होता, तो त्यांनी उचलला. शाईचा थेंब पडू नये म्हणून दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या खाली धरलं.

"मी घाबरलो होतो," सर म्हणाले. "हात वर, आणि खालीच येईना. मला वाटलं, आता संपलं. मग आला. आणि तुम्ही सगळे रडत होतात. तू तर... मग तू विचारलंस तेव्हा मी ठेव म्हणालो. त्या शेवटच्या दिवशी हात मोकळा होता, तर म्हटलं, एकदा ही जागा न अडकता जाऊन बघावी."

मालगाडी लांबून गेली. तिचे सगळे डबे गेले. बाईंच्या बोटावर शाईचा थेंब जमला होता. त्यांची मान आता खाली होती, मला चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठीचा बाक दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

"मग खोडू?" त्यांनी विचारलं.

"नको," सर म्हणाले. "तेवढा एक चांगला झालाय."

बाईंनी बोट पदराला पुसलं. टाक दौतीत बुडवला, कडेला निथळला. मोठा अर्धगोल काढला, लांबून दिसेल असा, आणि बरोबर ठोक्याच्या डोक्यावर टिंब दिलं. मग मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

"थोडं, का लांब?"

"लांब," सर म्हणाले.